तांबट आळीचा शेजार

एकदा एका व्यापाऱ्याने तांबट आळीला लागून असलेली मोठी मोकळी जमीन विकत घेतली आणि तिथे चाळीस घरांची वसाहत उभारायचे ठरवले. त्या नगरात एका वृद्ध आचार्यांच्या संमतीशिवाय कोणतेही बांधकाम होत नसे. आचार्यांकडे नगररचना शिकणारा एक शिष्य होता. आराखडा तपासायचे काम त्यांनी त्याच्यावर सोपवले.

शिष्याने डोळ्यांत तेल घालून आराखडा पाहिला. रस्ते प्रशस्त, सांडपाण्याला उतार, प्रत्येक घराला अंगण आणि ऊन. नाव ठेवायला जागा नव्हती. शेजाराचाही विचार त्याने केला होता, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. "तांबट आळीला या घरांचा काही उपद्रव नाही," तो म्हणाला. "ना धूर, ना दुर्गंधी, ना गोंगाट. सभ्य माणसांची शांत घरं आहेत. याहून चांगला शेजार आळीला कुठला मिळणार?"

आचार्यांनी मान डोलावली आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठजी, संमतीचं बघू. त्याआधी एक करा. त्या जमिनीवर तंबू उभारा आणि पौर्णिमेपर्यंत घरच्या सगळ्यांना घेऊन तिथं राहा."

व्यापारी हसला. म्हाताऱ्या माणसाची लहर सांभाळली की काम होते, हे तो धंद्यात शिकला होता. शिष्य मात्र ओशाळला. इतका निर्दोष आराखडा अडवून एका प्रतिष्ठित माणसाला तंबूत पाठवायचे, याला काय म्हणावे ते त्याला कळेना. गुरूंचे आता वय झाले, असेही त्याच्या मनात येऊन गेले. शिष्यांच्या मनात हे येतेच, आणि बहुधा चुकीच्या वेळी येते.

पहिली संध्याकाळ सहलीसारखी गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे आळीत काम सुरू झाले. हंडे, घागरी, बंब घडू लागले. तांब्यावर हातोड्या पडू लागल्या त्या दिवेलागणीपर्यंत थांबल्या नाहीत. व्यापाऱ्याचा तान्हा नातू दचकून उठे आणि रडत राही. सून रडकुंडीला आली. तेव्हा व्यापारी स्वतः आळीत गेला. माणूस भला होता. हात जोडून म्हणाला, "दुपारचं तेवढं थांबवता का? लेकरू झोपत नाही हो." तांबटांनी दुपारचे काम थांबवले. लेकराची गोष्ट निघाल्यावर नाही कोण म्हणणार? मग पहाटेचे काम जरा उशिरा सुरू करण्याची विनंती झाली. तीही त्यांनी मानली. पुढे भट्टीच्या धुराविषयी निरोप गेला.

पौर्णिमेच्या आधीच आळीतला एक म्हातारा तांबट आचार्यांच्या ओसरीवर येऊन बसला. "लग्नसराईची भांडी अर्धी राहिलीत, महाराज," तो म्हणाला. "शेठ इतकं गोड बोलतात की नाही म्हणवत नाही. पण असंच चाललं तर आमच्या चुली कशा पेटायच्या? आळी सोडायची म्हटलं, तर जायचं कुठं?" शिष्य ऐकत होता. आपण कशाला होकार देऊन बसलो होतो, या विचाराने त्याला भीती वाटली.

ठरल्या दिवशी व्यापारी आला. त्याने संमती मागितली आणि सोबत आणखी एक मागणी केली. तांबट आळी नगराबाहेर हलवावी, अशी ती मागणी होती.

आचार्य शिष्याकडे वळले. "घरं आळीला काय त्रास देतील, हे तू पाहिलंस. बरोबरच केलंस, पण ते अर्धंच होतं. आळी घरांना काय त्रास देईल, हे पाहायचं राहिलं. त्रास झालेला माणूस गप्प बसत नाही. आधी विनंती करतो, मग तक्रार करतो, मग अर्ज घेऊन आपल्या दारात येतो. त्याची मोडलेली झोप सगळ्यांना कळते, हातोडीवर चालणारं घर कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. एका तंबूनं आळीचा अर्धा दिवस खाल्ला. तू चाळीस घरांना हो म्हणत होतास."

मग ते व्यापाऱ्याला म्हणाले, "शेठजी, तुमच्याकडे दोष नाही. लेकरानं झोपायलाच हवं आणि तांबटानं हातोडी चालवायलाच हवी. दोघांचंही खरं आहे, म्हणून दोघांना भिंतीला भिंत लावून बसवू नये. आळीच्या बाजूला गोदामं बांधा, भांड्यांची दुकानं काढा, गाड्यांना थांबायला जागा द्या. त्यांना आवाजाचं वावडं नाही. घरं पलीकडे नदीच्या अंगाला न्या. थोडी कमी होतील, पण त्यांत माणसं सुखानं राहतील. असा आराखडा आणा, त्याच दिवशी संमती देतो."

"हात जोडून जोडूनच आळी उठवली असती मी," व्यापारी म्हणाला.

शिष्याने नवा कागद पसरला. या वेळी त्याने आधी तांबट आळी काढली, एकेक भट्टी दाखवली, विहीर काढली, वाऱ्याची दिशा लिहिली आणि त्यानंतर व्यापाऱ्याच्या जमिनीची रेघ ओढली. आपल्याकडचे कितीतरी आराखडे अजूनही कुंपणापाशीच सुरू होतात आणि कुंपणापाशीच संपतात.

व्यापारी तिथून उठला तो थेट आळीत गेला आणि तांबटांना म्हणाला, "करा सुरू." भर दुपारी हातोड्या पुन्हा पडू लागल्या. तंबूत नातू रडायला लागला, आणि व्यापारी स्वतःच्या हातांनी तंबूच्या खुंट्या उपटू लागला.