पानात डावीकडचे मीठ

विद्येचा मान राजमुकुटाहून मोठा होता, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट.

नदीकाठच्या एका विद्यापीठात चिद्घन नावाचा शिष्य वनौषधींवर ग्रंथ रचीत होता. भूर्जपत्रांचा ढीग वाढत होता. पण आचार्यांना त्याने एक पानही दाखवले नव्हते. काही प्रकरणे लिहून झाली होती, तरी आरंभीचे मंगलाचरणच तो पुनःपुन्हा लिहून खोडी.

"काय चिद्घनपंत, ग्रंथ अजून गर्भगृहातच का?" सोबती चिडवीत.

"परिपूर्ण झाल्यावाचून बाहेर काढणार नाही," तो म्हणे.

वसंतात पंडितसभा भरायची होती. तीत ग्रंथ मांडला नाही, तर त्याला विद्यापीठ सोडावे लागणार होते. चिद्घनाची झोप उडाली.

अशातच देवाच्या नैवेद्याची त्याची पाळी आली. आमटीला उकळी फुटताच त्याने थोडी तळहातावर घेतली आणि ओठांशी नेली.

"अरे, अरे! देवाला उष्टे वाढतोस?" दारातून गुरुपत्नी कडाडल्या. सारे त्यांना माई म्हणत.

"माई, मीठ बरोबर पडले की नाही, हे चाखल्याविना कसे कळावे?"

"नाहीच कळत, बाळा. नैवेद्य चाखायचा नसतो, दाखवायचा असतो! उणे पडले, तर पानात डावीकडे मीठ वाढलेले असतेच की."

त्या दुपारी आमटी साफ अळणी निघाली. आचार्यांनी मिठाची चिमूट घातली, भुरका मारला आणि हसत पुन्हा वाढून घेतली. देवही रुसला नाही.

आचवताच चिद्घनाने पहिले प्रकरण आणून आचार्यांपुढे ठेवले.

"गुरुदेव, हे कच्चे आहे."

"मग दोघे मिळून शिजवू! मी केव्हाचा पान मांडून बसलो आहे."

तेव्हापासून लिहून होईल ते प्रकरण तो दाखवी, चुका ऐके, सुधारी. मंगलाचरण त्याने सर्वांत शेवटी लिहिले, तेही एका बैठकीत.

वसंतात सभा भरली. ज्येष्ठ पंडितांनी विचारले, "ग्रंथात काही उणे आहे काय?"

चिद्घनाने हात जोडले. "आहे, महाराज. जे मला उमगले नाही, ते अखेरच्या प्रकरणात उघड सांगितले आहे. पुढच्या जिज्ञासूंसाठी पानात डावीकडे मीठ वाढले आहे."

पंक्तीची रीत कोणाला ठाऊक नव्हती? सभा खळखळून हसली, आणि सर्वांत मोठ्याने माई. ग्रंथ एकमुखाने मान्य झाला.

तात्पर्य : झाकून ठेवलेले ताट देवालाही पोहोचत नाही, आधी दाखवावे, मग सुधारावे.