तिन्हीसांजेची पाटी

एका घाटाच्या पायथ्याशी, जिथे चढण लागण्याआधी गाड्या दम खायला थांबत, तिथे एक रंगारी राहत होता. तो भिंती रंगवत नसे, गाड्या रंगवी. त्याची एकुलती एक लेक दूरदेशी जाऊन गाड्यांच्या रंगाचं शास्त्र शिकली आणि एक दिवस गाड्या घासून चकाकवणारं आपलं नवं यंत्र घेऊन घरी परतली.

वाटेत तिने मनाशी एक चित्र रंगवलं होतं. बाबांची शेड अंधारी असेल, काम अंदाजाने चालत असेल आणि आपलं यंत्र पाहून सगळे तोंडात बोट घालतील. प्रत्यक्षात तिला दिसलं ते वेगळंच. शेडपुढे झाडून लख्ख केलेलं अंगण होतं. तिथे उन्हात दोन गाड्या उभ्या होत्या आणि त्यांच्या रंगात आकाशातले ढग जसेच्या तसे उतरले होते. बाबांनी हे सगळं नुसत्या हाताने, मऊ मलमलीने घासून केलं होतं. लेकीचा ऊर भरून आला.

एकच गोष्ट तिला खटकली. दारावर एक पाटी होती: ‘तिन्हीसांजेला गाडी मिळणार नाही.’

“बाबा, हे काय? दिवेलागणीला लक्ष्मी बाहेर जाते, म्हणून?”

“असेल बुवा. तुझ्या आजोबांनी लिहिलीय. मी कधी मोडली नाही.”

“मी तिकडे सगळ्यांना सांगायचे, माझे बाबा पट्टीचे कारागीर आहेत. आणि त्यांच्याच दारात अशी अंधश्रद्धा? मी पुसणार ही.”

“पूस की,” रंगारी म्हणाला. “पण आधी कारण शोध, मग पूस. कशाचा आहे ते कळल्याशिवाय आपण गाडीवरचा डागसुद्धा पुसत नाही.”

बाबांचा मान म्हणून लेकीने पाटी पुसली नाही. फक्त उलटी करून टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गावची सुईण आपली काळी गाडी घेऊन आली. त्या गाडीने कितीतरी अडलेल्या बायांना वेळेवर इस्पितळात पोचवलं होतं. म्हणून आसपासच्या गावांनी मिळून परवा दुपारी शाळेच्या मैदानात सुईणबाईंचा सत्कार ठरवला होता.

“मला नवं लुगडं देणार आहेत म्हणे,” सुईणबाई म्हणाल्या. “पण हिचं काय? माझ्याबरोबर हीपण राबलीय. हिचा रंग बघ कसा विटलाय. चार गावांत हिची शोभा व्हायला नको.”

“मी करते, मावशी!” लेक पुढे झाली.

“कर बाई. तू जन्मलीस तेव्हा पहिल्यांदा मीच तुला हातात धरलं. तेव्हाही अशीच ओरडत होतीस.”

लेकीने यंत्राला लोकरीची गादी बसवली, भरड पॉलिश घेतलं आणि शेडमध्ये दिवसभर यंत्र जोरात फिरवलं. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली गाडी आरशासारखी झळकू लागली.

“अहो, यात बघून दाढी करावी!” समोरचा चहावाला म्हणाला.

एवढ्यात सुईणबाई आल्या. दिवे लागले होते. रंगारी हळूच म्हणाला, “अक्का, उद्या दुपारी न्याल का?” पण लेकीने हसत किल्ली त्यांच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काळी गाडी पुन्हा दारात येऊन थांबली.

“काय हो बाई,” चहावाल्याने हाक मारली, “गाडीवर कोळ्यांची वस्ती झालीय का?”

लेक धावत बाहेर आली आणि जागीच थिजली. उन्हात साऱ्या गाडीवर बारीक, गोल रेघांचं जाळं उठलं होतं.

“त्यात काय एवढं?” चहावाला म्हणाला. “तेलकट पॉलिश चोळा. रेघा भरून निघतात. दोनदा धुवेपर्यंत ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. सत्कार तर उद्यावर आलाय.”

बोलणं खोटं नव्हतं. तसल्या पॉलिशचा डबा लेकीच्या हाताशीच होता.

“कशाने झालं गं हे?” सुईणबाईंनी विचारलं.

लेकीने डब्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“माझ्या हाताने, मावशी. संध्याकाळपर्यंत वेळ द्या.”

आता ती घाईने यंत्राकडे गेली नाही. आधी तिने गाडी साबणाने धुतली. फडक्यावर स्पिरिट घेऊन वरची सगळी तेलकट चमक पुसून काढली. मग उन्हात वाकून नीट पाहिलं. काट्याकुट्यांचे ओरखडे आडवेतिडवे असतात. हे जाळं तर जिथे जिथे यंत्र फिरलं, तिथेच गोल गोल उमटलं होतं. तिने रेघांवरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

“वरवरच्या आहेत, बाबा. निघतील. भरड गादी, त्यात धूळ, वर माझी घाई. नंतर मऊ गादी फिरवायची असते, तीही मी फिरवली नाही. तिकडे शाळेत गाडीवर सूर्यासारखे दिवे रोखलेले असायचे. चूक लगेच दिसायची. इथे काही दिसलं नाही, तर मला वाटलं चूकच नाही.”

“मग आता हात हलका ठेव,” रंगारी म्हणाला आणि धुतलेली मलमल तिच्या खांद्यावर टाकली.

तिने मऊ स्पंजाची गादी लावली, बारीक पॉलिश घेतलं आणि यंत्र अगदी सावकाश फिरवलं. एक भाग झाला की गादी धुवायची, उन्हात पाहायचं, मगच पुढे सरकायचं. तासन्‌तास ती वाकलेलीच होती. सगळी गाडी झाली, फक्त डावं दार राहिलं. तेवढ्यात सूर्य घाटामागे गेला.

ती डाव्या दाराकडे वळली आणि चपापली. तिथलं जाळं तिला सापडेचना! त्या दाराला तिने अजून हातही लावला नव्हता, तरी ते बाकीच्या गाडीसारखंच गुळगुळीत, आरशासारखं दिसत होतं. तिची नजर शेडच्या दाराकडे गेली. तिथे पाटी उलटी टांगलेली होती.

“झाली की गं!” सुईणबाई येऊन पोचल्या होत्या. “सोन्यासारखी झाली. आण किल्ली.”

“नाही मावशी. उद्या सकाळी उन्हात देईन.”

“अगं, मला तर कुठे काही दिसत नाही.”

“मलाही दिसत नाही. म्हणूनच देत नाही.”

“आणि मध्येच कुणी अडली तर?”

“तर मला हाक मारा. बाबांचा टेम्पो घेऊन मी स्वतः येईन.”

सुईणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “बापाची लेक आहेस,” एवढंच म्हणाल्या आणि चालत घरी गेल्या.

सकाळी ऊन अंगणात उतरलं आणि डाव्या दारावर जाळं लख्ख दिसू लागलं. लेकीने ते निगुतीने काढलं. मग सुईणबाईंच्या देखत गाडी पुन्हा धुतली, स्पिरिटने पुसली आणि उन्हात फिरवून दाखवली. जाळं कुठेच नव्हतं. दाराच्या मुठीजवळ एक जुना ओरखडा मात्र राहिला होता. लेकीने त्यावरून नख फिरवलं, ते अडलं.

“हा खोल आहे, मावशी. काढायला गेले तर रंग संपेल आणि पत्रा उघडा पडेल. मी याला हात लावलेला नाही.”

“लावूही नकोस,” सुईणबाई हसल्या. “इस्पितळाचं फाटक पुरतं उघडेपर्यंत मला दम निघाला नाही, त्या दिवसाचा आहे तो. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप आहेत. मिरवू दे की त्यालाही!”

चहावाल्याने दुकानातला झेंडूचा हार काढून गाडीला घातला. गाडी मैदानाकडे निघाली. भर उन्हात ती अशी झळकत होती की रस्त्यावरची माणसं थांबून पाहू लागली.

रंगाऱ्याने पाटी आणि ओलं फडकं आणून लेकीपुढे ठेवलं.

“कारण सापडलं?”

“सापडलं, बाबा. तिन्हीसांजेला लक्ष्मी जात नाही. खोट लपते.”

रंगाऱ्याची मान ताठ झाली. “चाळीस वर्षं मी नुसती पाटी सांभाळली. तिचा अर्थ तू आणलास. आता पुसायची तर पूस.”

लेकीने फडकं बाजूला ठेवलं आणि कुंचला उचलला. आजोबांच्या अक्षरांवर नवा रंग चढवला आणि खाली आपल्या अक्षरात एक ओळ लिहिली: ‘गाडी उन्हात मिळेल. धन्याने नीट पाहून न्यावी.’ मग रस्त्यावरूनही वाचता येईल अशी ती पाटी तिने स्वतःच्या हाताने सुलटी टांगली.

तात्पर्य: अंधुक उजेडात कुणाचंही काम सुबक दिसतं. ज्याला आपल्या हाताचा खरा अभिमान असतो, तो आपलं काम आपणहून उन्हात नेतो.