दोनशे हिरव्या चाचण्या

शुद्धलेखन चुकलं आणि शब्द साधे वाटले, तर सांभाळून घ्या.

सांगलीतल्या एका कंपनीने एका दवाखान्यासाठी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वेबसाइट बनवली होती. पेशंटचे रिपोर्ट डॉक्टरांच्या गटालाच दिसावेत, काउंटरवरच्यांना नाही, असा नियम होता. कंपनीत प्रोग्राम लिहिणारा, नववीत शाळा सुटलेला हणमंत चाचरत म्हणाला, "साहेब, उद्या चालू नको करूया. कोणाला काय दिसेल, त्या परवानग्या नीट तपासल्या नाहीत."

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई समोरच होत्या. कंपनीचे रेगेसाहेब हसले. "वेबसाइट तपासणाऱ्या दोनशे चाचण्या मी स्वतः लिहिल्यात. सगळ्या हिरव्या, म्हणजे पास! आता नववीवाला आम्हाला शिकवणार?"

हणमंतने आपल्या कॉम्प्युटरवरच्या प्रतीतून परवानग्यांचे सगळे नियम पुसले आणि त्याच चाचण्या पुन्हा चालवल्या. दोनशेच्या दोनशे हिरव्या!

"अहो, हे कसं?" बाई दचकल्या.

"प्रत्येक चाचणीत साहेबांनी ॲडमिन म्हणून लॉगिन केलंय, बाई. घरमालकाला कुठलं दार अडवणार? कुलूप तपासायला परकाच पाठवावा लागतो."

बाई म्हणाल्या, "याचं समाधान होईपर्यंत थांबू."

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतने नियम परत घातले आणि काउंटरवाली म्हणून लॉगिन करणारी चाचणी लिहिली. ती लाल आली, म्हणजे नापास; काउंटरवालीला रिपोर्ट दिसत होते. एका पानावर नियम लावायचाच राहिला होता. तो त्याने लावला आणि मगच चहाला गेला.