वामन शिंप्याने कर्ज तोललं

खडकेवाडीत वामन नावाचा एक शिंपी राहायचा. कापड बेतायला हुशार, बाकी सगळ्यात भोळा. गिऱ्हाईक म्हणालं, "घाई नाही," तर वर्षभर कापडाला हात लावायचा नाही.

त्याची एकुलती एक लेक प्रणिता बारावी झाली. इंजिनिअरिंगला दोन ठिकाणी नंबर लागला. एक तालुक्याचं खाजगी कॉलेज. एसटीने अर्धा तास, पण चार वर्षांचा खर्च नऊ लाख. दुसरं सरकारी. खर्च दोन लाख, पण लांब, वसतिगृहात राहावं लागणार. लेक डोळ्यांसमोर राहावी म्हणून वामनने तालुक्याचंच धरलं होतं. फी शुक्रवारपर्यंत भरायची होती.

बायको अनसूया म्हणाली, "अहो, नऊ लाखांचं कर्ज एकीकडे आणि पुढे मिळणारा पगार एकीकडे. आधी नीट तोलून बघा."

"बघतो की," वामन म्हणाला आणि तडक शांतीलालच्या किराणा दुकानात गेला. तागडीच्या एका पारड्यात त्याने कर्जाचा अर्ज ठेवला. दुसऱ्यात कॉलेजचं माहितीपत्रक, कारण पगाराचे मोठमोठे आकडे त्यात छापले होते. माहितीपत्रक जाडजूड, गुळगुळीत कागदाचं. पारडं धाडकन खाली.

"पगार जड आहे," वामन घरी येऊन म्हणाला. "चांगला दीडशे ग्रॅम जड."

अनसूयाने कपाळाला हात लावला. "अहो, कागद कसले तोलता? माणसांना विचारायचं असतं. त्या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांना विचारा, पगार किती मिळतो म्हणून."

दुसऱ्या दिवशी वामन कॉलेजच्या फाटकापाशी उभा राहिला. पहिला बाहेर पडला झाडूवाला. नऊ हजार. मग स्कूटरवरून एक मास्तर बाहेर पडले. म्हणाले, "कंत्राटावर आहे हो. तीन महिने पगारच नाही." शेवटी रिकामी परात घेऊन वडेवाला बाहेर पडला. "सुटतात महिन्याला चाळीस हजार," तो म्हणाला.

घरी येऊन वामनने लेकीला विचारलं, "बाळ, तुला वडे जमतात का गं?"

"जमतात. पण बाबा, त्याला चार वर्षं कशाला?"

अनसूया म्हणाली, "अहो, तिथे शिकलेल्यांना विचारायचं! पोस्टमनचा तुषार तिथलाच इंजिनिअर. सुट्टीवर आलाय, त्याला विचारा. पण पगार असा तोंडावर विचारत नाहीत. आडून आडून विचारा."

तुषार जेवायला बसला होता. वामन हळूच शिरला आणि दाराआड उभा राहिला.

"पगार किती?"

तुषारचा घास हातातच राहिला. दिसत तर कोणीच नव्हतं. तेवढ्यात वामन सरकून कपाटाआड गेला. आडून आडून म्हणजे दोनदा तरी आडून हवंच.

"कर्जाचा हप्ता किती?"

तुषारला वाटलं, बँकेचा वसुलीवाला आला. "साहेब, पगार अठरा हजार, हप्ता बारा हजार! दोन थकलेत, पण पुढच्या महिन्यात नक्की भरतो!"

तुषारची आई लाटणं घेऊन धावली. वामन डोक्यावर टेंगूळ घेऊन घरी आला, पण आकडे विसरला नाही.

अनसूया टेंगळावर हळद लावत असताना त्याने ते सांगून टाकले. प्रणिताने मनातल्या मनात वजाबाकी केली. "बाबा, हातात सहा हजार. एवढ्यासाठी नऊ लाख? मी सरकारीत जाते."

"लांब आहे गं ते."

"सुट्टीला येईन ना."

वामन बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसला. मग म्हणाला, "जा."

बँकेत निघताना अनसूयाने बजावलं, "तिथे कपाटाआड जाऊ नका. समोर बसा. आणि मॅडम सांगतील ते अक्षर न् अक्षर लक्षात ठेवा."

वामन समोर बसला. दोन लाख मंजूर झाले. हप्ता साडेतीन हजारांचा.

"कधीपासून भरायचा?" त्याने विचारलं.

मॅडम हसल्या. "आत्ता नाही हो, काका. मुलगी स्वतःच्या पायावर उभी राहिली, की सुरू."

वामनच्या तोंडचं पाणी पळालं.

सोमवारी तो लेकीला पोचवायला गेला. एसटीतून उतरताना तिला पाठुंगळी घेतलं. स्टँडवर हातगाडी ठरवली आणि ट्रंकेशेजारी तिलाही बसवलं. "माझी शपथ आहे, खाली पाय टेकू नकोस," एवढंच म्हणाला. लेकीला वाटलं, आपण दूर चाललो म्हणून बाबा हळवे झालेत. ती बसून राहिली. वर्गापर्यंत पुन्हा पाठुंगळी. सगळं कॉलेज बघत होतं. वामनने तिला अलगद बाकावर ठेवलं आणि मागे उभा राहिला.

प्राचार्य वर्गात आले. साठ मुलं खडाखड उभी राहिली. प्रणिताही उठू लागली.

वामनने मागून तिचे दोन्ही खांदे गच्च दाबले आणि ओरडला, "खाली बस पोरी! साहेब, हिचं काय ते बसूनच शिकवा. ही उभी राहिली, तर आजपासून साडेतीन हजार सुरू होतील!"