खिंडीतल्या गावाचे दोन पाहुणे

फार फार पूर्वी, दोन बलाढ्य राज्यांच्या मधोमध, एका डोंगरखिंडीत एक गाव होतं. वरच्या आळीत मेंढपाळ, खालच्या आळीत विणकर. दोघांचे देव वेगळे, बोली वेगळी, भांडण मात्र एकच. मेंढ्या ओढ्याचं पाणी गढूळ करतात, मग विणकरांनी सूत धुवायचं कुठे? डोकी तापत, पण फुटत नसत.

गावाची एक रीत होती. पाहुणा ज्या घरी जेवला, त्याचं वैर ते त्या घराचं वैर. आणि आपल्या पाहुण्याविरुद्ध उभं राहणं म्हणजे महापाप.

एकदा पूर्वेच्या राजाचा दूत गोजराबाई विणकरणीकडे उतरला. पाठोपाठ पश्चिमेच्या राजाचा दूत मेंढपाळांच्या म्होरक्याकडे आला. दोघे आपापल्या आळीत घरोघर जेवायचे आणि रोज चव्हाट्यावर एकमेकांच्या नावानं बोटं मोडायचे. झालं! रीतीप्रमाणे दोन्ही आळ्याही एकमेकींवर दात खाऊ लागल्या. पाहुण्यांनी मग तलवारी वाटल्या, त्याही फुकट. फुकट म्हटल्यावर कशासाठी हे विचारतो कोण! गोजराबाईचा एकुलता एक मुलगा मागावरून उठला आणि त्यानं तलवार कमरेला लावली. परवा दुपारी ओढ्यावर निकाल लावायचा, असं ठरलं.

गावाबाहेर गेलेल्या पाहुण्याची भाकरी घेऊन बाई खिंडीच्या तोंडाशी गेली, तर दोघे दूत झाडाखाली बसून एकाच तबकातलं पान खात होते. बाई झाडामागेच थांबली.

"यांची एकदा जुंपली की शांतता राखायच्या निमित्तानं दोघंही फौजा आणू," तिचा पाहुणा म्हणत होता. "खिंड कोणाची ते मागाहून बघू. ही माणसं काय, असली काय नि नसली काय."

बाई तशीच परत फिरली. पाहुण्याला हाकलावं तर रीत मोडते, गप्प बसावं तर पोरगा जातो. आणि नुसतं सांगून तापलेली डोकी ऐकतात थोडीच?

सकाळी ती थेट वरच्या आळीत गेली आणि म्होरक्याच्या पाहुण्याला जेवायला बोलावून आली. बाई आपल्या बाजूला फुटली, असं समजून तो खुशीत आला. शेजारच्या पाटावर बाईचा पाहुणा बघून तो चपापला, पण बसला. दोघांना आग्रहानं वाढून झाल्यावर बाई मुलाला म्हणाली, "आता दोघंही आपले पाहुणे. कोणाच्या बाजूनं लढतोस?"

मुलानं मुकाट्यानं तलवार सोडून ठेवली. मग बाईनं म्होरक्याला गाठून खिंडीत ऐकलेलं सगळं सांगितलं. संध्याकाळी त्यानंही बाईच्या पाहुण्याला जेवायला घातलं. मग घरोघर तेच सुरू झालं. पाहुणे जेवून जेवून बेजार झाले, पण लढायला माणूस उरला नाही आणि फौजा आणायला निमित्तही.

शेवटी दूतांनी घोडी काढली. गोजराबाईचा पाहुणा जाता जाता चिडून म्हणाला, "आता तुमचं ओढ्याचं भांडण मिटवणार कोण?"

"नाही मिटलं तरी चालेल," बाई म्हणाली. "आमचं आहे ते."

तात्पर्य काय, तर आपल्या घरच्या भांडणात जो फुकट तलवार देतो, त्याचा डोळा आपल्या घरावर असतो.