आंब्या-रताळ्यांची लढाई

ओढ्यांना अजून नावं नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका ओढ्याच्या अलीकडे माकडं राहायची, पलीकडे अस्वलं. इकडे आंबेच आंबे, तिकडे रताळीच रताळी. तेच तेच खाऊन सगळे कंटाळले होते. पण मधल्या ओंडक्यावर कोल्हा बसायचा आणि माल घेऊन येणाऱ्याकडून निम्मा जकात म्हणून खायचा.

एकदा ठकी माकडीण वैतागली. तिने काठावरूनच गबाजी अस्वलाला आंबा फेकून मारला. गबाजीने तो चाटला, डोळा मिचकावला आणि उलट रताळं भिरकावलं.

"हल्ला!" ठकी ओरडली. दोन्हीकडून मारा सुरू झाला.

कोल्हा घाबरून ओंडक्याखाली लपला. "अहो, शेजारी ना तुम्ही? तह करा!"

"छे हो कोल्होबा," तोंडातला आंबा सावरत गबाजी गरजला, "आंबे संपेपर्यंत माघार नाही!"