हात रेमेतचा, शब्द पास्कोलचे

फार वर्षं झाली याला. किती झाली, ते विचारू नका. नांदखारमध्ये दोन म्हातारी माणसं एकत्र आली की त्यावरूनच भांडत बसतात आणि मूळ गोष्ट राहून जाते. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, एवढं धरून चाला. अलीकडे आमचं गाव, पलीकडे पाद्रीबाबांचं घर. भरतीला होडी चाले. ओहोटीला नुसता चिखल उरे, पाय घातला की माणूस मांडीपर्यंत आत. गावात एक छोटं देऊळ होतं. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. पाद्रीबाबा रविवारी होडीने येत, मिस्सा म्हणजे रविवारची उपासना करत आणि भरती उतरायच्या आत परत जात. मग आठवडाभर गावाने आपलं आपण निभवायचं.

त्या गावात रेमेत नावाची सुईण होती. लहानपणी ताप आला आणि तिची वाचा गेली ती गेलीच. पण देवाने तिच्या तोंडातलं काढून तिच्या हातात घातलं, असं म्हणतात. आडवं आलेलं मूल ती नुसत्या बोटांनी समजूत घालून वळवायची. तिचा हात पोटावर पडला की ओरडणारी बाई गप्प होई आणि दाराशी घिरट्या घालणारा नवरा खाली बसे.

आता त्या काळी पोरं जगत किती, आणि जात किती! धडधाकट मूल असलं तर रविवारी देवळात नेऊन पाद्रीबाबांकडून बाप्तिस्मा घ्यायचा. पण एखादं जन्मतःच निळं पडलेलं, श्वास लागलेलं असायचं. ते रविवारपर्यंत कसलं थांबतंय? आणि बाप्तिस्म्यावाचून गेलेलं मूल स्वर्गात पोचत नाही, असं तेव्हा लोक धरून चालत. अशा वेळी कुणीही बाप्तिस्मा द्यावा, ही सूट देवळाने पहिल्यापासून दिलेली आहे. पाद्री नको, मेणबत्ती नको. डोक्यावर पाणी ओतायचं आणि शब्द म्हणायचे, बस. रेमेतची सासू सुईण होती तेव्हा ती पाणीही ओती आणि शब्दही म्हणे. शब्द तेव्हा लॅटिनमध्ये होते. सासूने ते जपून ठेवले होते आणि मरताना मुलाला, म्हणजे रेमेतच्या नवऱ्याला शिकवले. गावातल्या बाकीच्या बाया त्या शब्दांना भीत. चुकून भलतंच काही तोंडातून गेलं तर?

नवऱ्याचं नाव पास्कोल. तो मिठागरात कामाला होता, आवाज खणखणीत. पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने पाऊल टाकायचं नाही. मग दोघांनी एक तोड काढली. रेमेत आत जाई, पास्कोल बाहेर ओट्यावर दाराकडे पाठ करून बसे. मूल जाईलसं वाटलं की रेमेत एका हाताने पाणी ओती आणि दुसऱ्या हाताने कुडाच्या भिंतीवर टकटक करी. टकटक ऐकली की पास्कोल बाहेरून शब्द म्हणे. भिंतीतून ते शब्द आत येत तेव्हा अंगावर काटा येई, असं म्हणतात.

कुणी खोटं बोललं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. म्हातारे पाद्रीबाबा रविवारी विचारत, "पाणी घातलं का?" घातलं. "शब्द म्हटले का?" म्हटले. दोन्ही खरं! जगलेल्या मुलांना ते पवित्र तेल लावून राहिलेला विधी पुरा करत आणि गेलेल्यांना देवळाच्या भिंतीलगत पुरू देत. तिथे लहान लहान क्रूस उभे राहत गेले. त्यातला एक नातालीनच्या लुझीचा होता. नातालीन रेमेतच्या शेजारची, पहिलटकरीण. लुझी जन्मली आणि दिवस मावळायच्या आत गेली. डोळेसुद्धा तिने धड उघडले नाहीत. पण पाणी पडलं होतं, शब्द पडले होते. तेवढ्या एका गोष्टीवर नातालीन उठून चालूफिरू लागली.

मग म्हातारे पाद्रीबाबा वारले आणि नवे आले. माणूस चांगला, लोकांत मिसळणारा. एकदा एका बारशाच्या जेवणाला ते पास्कोलशेजारी ओट्यावर बसले आणि सहज गप्पा मारता मारता म्हणाले, "तुझी बायको बोलत नाही, मग तातडीच्या बाप्तिस्म्याला शब्द कोण म्हणतं?"

"मी म्हणतो ना," पास्कोल छाती फुगवून म्हणाला.

"मग पाणीही तूच ओततोस?"

"छे छे! मी बाहेर. पाणी ती ओतते."

पाद्रीबाबांचा घास तसाच राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच ऐकलं. मग ताट बाजूला सारून ते अगदी हळू म्हणाले, "पास्कोल, हे होत नाही रे. पाणी ही खूण आहे, आणि शब्द त्या खुणेचा अर्थ सांगतात. जो ओततो त्यानेच म्हणायला हवं. हात एकाचा आणि तोंड दुसऱ्याचं, असा बाप्तिस्मा होत नाही."

पास्कोलला राग आला. तो म्हणाला, "आमच्या लग्नात म्हातारे पाद्रीबाबा म्हणाले, आजपासून तुमी दोन नाय, एकच देह. ते पण साक्रामेंतच ना, बाप्तिस्म्यासारखीच देवाची खूण? मग तिचा हात नि माजं तोंड, हे दोघांचं कसं झालं?"

पाद्रीबाबांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, असं म्हणतात. "तुझं खोटं नाही," ते म्हणाले. "पण एवढ्या मुलांचा जीव मी तुझ्या हजरजबाबीपणावर टांगून ठेवू का?"

झालं! रात्रीपर्यंत हे घरोघरी पोचलं. जिवंत होते त्यांचं सोपं होतं. पुढच्याच रविवारी सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर' असं म्हणून पाद्रीबाबांनी एकेकाच्या डोक्यावर पाणी ओतलं. मिशा फुटलेले बाप्ये तान्ह्या पोरांसारखे डोकं वाकवून उभे. बस्त्याव कोळी तर मुसमुसत विचारत होता, "मग आजवर मी कोण होतो, पाद्रीबाबा?" तुम्ही हसताय. त्या दिवशी तिथे कुणी हसलं नाही.

आणि भिंतीलगतच्या लहान क्रुसांचं काय? हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, पण विचारायचा धीर होईना. शेवटी नातालीननेच विचारलं. पाद्रीबाबांनी तिला बाकावर बसवलं. मग म्हणाले, "त्यांना तिथून कुणी हलवणार नाही. देव दयाळू आहे, त्यांना आपण त्याच्यावर सोपवू. पण मला नक्की ठाऊक आहे, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल."

नातालीन तिथून तडक रेमेतच्या घरी गेली. रेमेत भाकरी थापत होती. नातालीन दारातच उभी राहिली.

"मावशे, माजं पोर कुठे हाय?"

रेमेतने वर पाहिलं. तव्यावरची भाकरी करपली तरी ती पाहतच राहिली. सांगणार तरी काय बिचारी, आणि कशाने सांगणार?

त्या दिवसापासून रेमेत कुणाच्या बाळंतपणाला गेली नाही. बोलावणं आलं की ती आपले हात पदराखाली लपवी. संध्याकाळी देवळामागे जाऊन लहान क्रुसांपाशी बसे आणि भिंतीवर वाजवायची तशी मातीवर बोटांनी टकटक करी. मग कान देऊन ऐके. पास्कोल लांब उभा राहून तिला पाही. त्याला रडू येई आणि स्वतःचा आवाज नकोसा वाटे.

गावाला तर भयानेच धरलं. नव्या पाद्रीबाबांनी बाप्तिस्म्याचे शब्द मराठीत करून सगळ्या बायकांना शिकवले, स्वतः पाणी ओतून दाखवलं. बायका पाठ म्हणत, पण मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. एवढी चांगली रेमेत, तिचंही चुकलं. मग आपलं काय होईल? पाणी कमी पडलं तर? मध्येच खोकला आला तर? जी गोष्ट देवाने सोपी ठेवली होती तिची बायकांना विंचवासारखी धास्ती वाटू लागली.

अशात नातालीनला पुन्हा दिवस गेले. तिची सासू इजाबेल म्हणाली, आठवा सरला की हिला खाडीपलीकडे ठेवू, पाद्रीबाबांच्या शेजारी. पण पोराला तेवढा दम नव्हता. एके दिवशी भर दुपारी कळा सुरू झाल्या आणि नेमकी ओहोटी! खाडीत चिखल चकाकत होता, होडी आडवी पडलेली. पलीकडची सुईण येणार कशी आणि पाद्रीबाबा तरी येणार कसे?

"रेमेतमावशीला बोलवा!" नातालीन ओरडली.

रेमेत आली. शेजारच्या दोघीचौघी बायाही आत जमल्या. पास्कोलही मागोमाग आला आणि जुन्या सवयीने ओट्यावर पाठ करून बसला. मूल पायाळू होतं. रेमेतने ते वळवलं, काढलं, उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या. पोर निळंच. रडेना. छाती एकदा हलली आणि पुन्हा हलेना. रेमेतने इजाबेलकडे पाहिलं आणि पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं.

इजाबेलने तांब्या उचलला. शब्द तिला पाठ होते, झोपेत म्हणाली असती. पण तोंड उघडलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. "माज्याने नाय होणार," ती म्हणाली. "माजं चुकलं तर? परत चुकलं तर?"

बाहेरून पास्कोल ओरडला, "दार उघडा, मी येतो आत!" आणि ओट्यावरून उठला. पण दाराला आतून अडणा होता आणि तो काढायला कुणाचे पाय हलेनात.

रेमेतने तांब्या इजाबेलच्या हातातून काढून घेतला. क्षणभर तो तिच्याच हातात होता. तिला येत होतं ते सगळं हातातच होतं आणि ते पुरत नव्हतं. मग तिने मूल नातालीनच्या मांडीवर ठेवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला.

नातालीन नुकती मोकळी झालेली, अंगात त्राण नाही. तांब्या असा हलू लागला की पाणी पोराच्या डोक्यावर पडण्याऐवजी गोधडीवर सांडलं. रेमेतचा हात आपोआप पुढे आला. आजवर कुठल्याही कापणाऱ्या हाताला आधार दिल्यावाचून ती राहिली नव्हती. पण ती मध्येच थांबली. हात एकीचाच हवा, हे तिला आठवलं. तिने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट धरले आणि नुसती पाहत उभी राहिली. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम तेच होतं, असं म्हणतात.

नातालीनने दात आवळले. पाणी पोराच्या टाळूवर पडलं.

"दुमिंग," ती म्हणाली, "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते."

आणि बाहेरून आवाज आला, "आमेन."

एक आवाज नव्हता तो. पुष्कळ होते, बारीक, कोवळे, एकमेकांत मिसळलेले. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकले. इजाबेल म्हणाली, गल्लीतली पोरं जमली असतील. पण पास्कोल बाहेरच होता आणि पुढे मरेपर्यंत त्याने एकच सांगितलं. "अंगणात चिटपाखरू नव्हतं. आमेन म्हणायला मी तोंड उघडलं, तर माज्या आधीच म्हटलं गेलं. देवळाच्या भिंतीकडून आलं."

नातालीनने मात्र कुणालाच काही विचारलं नाही. त्या आवाजांत तिने एक आवाज ओळखला, असं म्हणतात. जिने कधी एक शब्द उच्चारला नव्हता, डोळेही धड उघडले नव्हते, त्या लुझीचा आवाज आईने ओळखला. कसा ओळखला? ते आयांना विचारा. तिने रेमेतकडे वळून एवढंच म्हटलं, "मावशे, आपलं पोर घरी हाय."

रेमेत रडली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता, पण दुमिंगला तो फुटला होता. असा टाहो फोडला त्याने की भरती आल्यावर होडीत बसलेल्या पाद्रीबाबांना तो खाडीत ऐकू आला, असं म्हणतात. ही थोडी वाढवलेली गोष्ट असेल. पोर एवढा वेळ रडत राहिलं असेल का?

पाद्रीबाबांनी पास्कोलला पुन्हा पुन्हा विचारलं, प्रत्येक बाईला वेगळं बसवून विचारलं. सगळं ऐकून ते देवळामागे गेले आणि लहान क्रुसांसमोर गुडघ्यांवर बसले. परत आल्यावर म्हणाले, "पाणी आणि शब्द, या खुणा आपल्यासाठी आहेत. आपण त्या मोडायच्या नाहीत, आपण त्यांना बांधलेले आहोत. देव बांधलेला नाही, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण त्या दिवशी नातालीनला ते छातीठोकपणे सांगायला मला भीती वाटली."

रेमेत पुन्हा बाळंतपणाला जाऊ लागली. तिच्यासोबत नातालीन जाई, पाणी ओतायला आणि शब्द म्हणायला. रेमेत आणि पास्कोल, दोघं म्हातारी होऊन गेली. त्यांना देवळाच्या भिंतीलगत, लहान क्रुसांच्या रांगेतच जागा दिली.

आता खाडीवर पूल आहे, पलीकडे मोठं हॉस्पिटल आहे. पण नांदखारच्या देवळात बाप्तिस्मा असला की आजही लहान क्रुसांकडचं मागचं दार सताड उघडं ठेवतात. पाद्री पाणी ओततात, शब्द म्हणतात आणि त्यानंतर कुणी आमेन म्हणत नाही. सगळं देऊळ गप्प राहतं. त्याला आम्ही 'रेमेतचं थांबणं' म्हणतो. परगावचा एखादा पाहुणा घाईने आमेन म्हणून मोकळा होतो, तेव्हा म्हातारे त्याच्याकडे असं बघतात की पुन्हा त्याचं तोंड उघडत नाही. ज्यांचं मूल गेलेलं असतं त्या बाया त्या दिवशी पुढे बसत नाहीत, मागच्या दाराशी बसतात. काय ऐकू येतं, ते त्या सांगत नाहीत. पण त्यांच्यातली एखादी मान हलवते, तेव्हा कुठे आम्ही मोठी माणसं आमेन म्हणतो.